घरपोच

अठरा वर्षं राजूरची टपालाची थैली खांद्यावर टाकून घाट चढणारा ठकाजी बहात्तर सालच्या त्या रविवारी पुरता गोंधळला. तीस मैलांच्या डोंगरशर्यतीत त्याला उतरवायचं म्हणून शाळेतले फिलिप मास्तर त्याच्याकडून सराव करून घेत होते, आणि तोही रिकाम्या खांद्यानं! “पन तिथं द्यायचं कुनाला?” म्हणत तो दोनदा काहीतरी विसरल्यासारखा अर्ध्यातून परतला. अखेर मास्तरांनी एक पाकीट लिहून थैलीत टाकलं. “माथ्यावरच्या देवळापाशी पत्ता वाच.” थैली पाठीला लागली आणि पाय आपोआप सुटले. देवळापाशी पाहतो तर पाकिटावर त्याचंच नाव! जन्मात त्याला पत्र आलं नव्हतं. उलटसुलट करून त्यानं ते तसंच खाली आणलं. “फोडलं का नाहीस?” मास्तर चक्रावले. “टपाल असं वाटंत फोडत न्हाईत, मास्तर. मी घरी जाऊन बसतो. तुमी दारात येऊन हाक मारा.”