भारीतल्या गोळ्या

मनकर्णाबाई गेल्या. पण ते आत्ता मनावर घेऊ नका. आत्ता त्या ओट्यावर बसून लसूण सोलतायत आणि त्यांचा मुलगा गोरक्ष आत मोरीत उकिडवा बसून, बायकोच्या नेलपेंट रिमूव्हरनं बीपीच्या गोळ्यांची पाकिटं पुसतोय. पाकिटांवर छापलंय, ‘सरकारी पुरवठा, विक्रीसाठी नाही’. मनकर्णाबाई चौथी शिकलेल्या. एक अक्षर जरी राहिलं, तरी गोळी पोटात जायची नाही.

मागच्या महिन्यात गोरक्षला ही अक्कल नव्हती. तेव्हाच्या सगळ्या गोळ्या त्यांनी गुलाबाच्या कुंडीत टाकल्या. “फुकाटची गोळी कुटं गुन देती व्हय?” गुलाबाला मात्र तेव्हापासून कसलाही त्रास नव्हता.

पुसलेली पाकिटं गोरक्षनं श्रीरामपूरच्या एका मेडिकलच्या पिशवीत भरली, पिशवी मुद्दाम जरा चुरगळली आणि तो बाहेर आला.

“केवढ्याला?” आईनं विचारलं.

“सातशे.”

आईनं लसूण खाली ठेवला. “म्हयन्याला?”

“मग. भारीतल्या हायेत.”

तिथंच त्यांनी तांब्यातल्या पाण्याबरोबर एक गोळी घेतली आणि डोळे मिटले. “घशातनं उतरतानाच कळतंय रं,” त्या म्हणाल्या. “ह्याला म्हनायचं औशद.”

पुढच्या महिन्यात गोरक्षनं भाव नऊशेवर नेला, म्हणजे गुणही वाढेल. त्याची बायको रेश्मा म्हणाली, “आता बास. न्हाईतर आत्याबाई पळायला लागतील.”

त्या पळाल्या नाहीत. एका सकाळी भाकरी थापता थापता बसल्या जागी कलंडल्या. अर्धं अंग घरीच गेलं, उरलेलं नगरला पोचल्यावर. सुरुवातीला मनावर घेऊ नका म्हटलं होतं, ते हेच.

“गोळ्या चालू होत्या ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“रोज,” गोरक्ष म्हणाला. मग सवयीनं म्हणाला, “भारीतल्या.”

दहावा झाल्यावर शेजारच्या मुबारकबी आल्या. पदराखालून त्यांनी मेडिकलची पिशवी काढली.

“मनकर्णानं ठिवायला दिल्ती. म्हनायची, पोरगं ऊन म्हनत न्हाई का पाऊस म्हनत न्हाई, टेम्पो हाकतंय. एवढी म्हाग गोळी रोज कशाला खाऊ? लईच डोकं दुखलं तर घ्यायची. तीबी अर्धी.”

पाकिटं जवळजवळ भरलेली होती. काही अर्ध्या गोळ्या कागदात नीट बांधलेल्या.

“मग ह्या कुनाला ठिवल्या?”

“तुला. आईचं दुखनं पोरात उतरतं, म्हनायची. गोरक्षला बीपी सुरू झालं की दे, तेवढाच त्याचा खर्च वाचंल.”

दुसऱ्या दिवशी गोरक्ष पिशवी घेऊन सरकारी दवाखान्यात गेला.

“दिलेलं औषध परत घेत नाही आम्ही,” खिडकीतला माणूस म्हणाला. “आणि पैसे कुठं घेतले होते तुमच्याकडनं?”

“पैसं नकोत.”

“मग काय पाहिजे? जे पाहिजे ते अर्जात लिहून द्या.”

गोरक्ष बाकावर बसला. मांडीवर पिशवी, पिशवीवर कागद.

‘विषय: गोळ्यांबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, सदर गोळ्या फुकट असल्याचे माझ्या आईस माझ्याकडून कळविण्याचे राहून गेले आहे. तरी सदर बाब तिला आपल्या स्तरावरून कळविण्यात यावी, ही नम्र विनंती.’