पावशेरचा स्कर्ट

"सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल," आजोबा म्हणाले, "पण ही माझी नात जन्मली तेव्हा तिचं पहिलं झबलं मी एका हातरुमालातून बेतलं. उरलेल्या कापडात टोपडं निघालं. आणि तरी चार बोटं चिंधी शिल्लक राहिली."

दवाखान्यातल्या बाकावरची माणसं सरसावून बसली. आजोबा जन्माचे शिंपी. शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सढळ सोडायची आणि बोलण्यात त्याहून सढळ, अशी त्यांची ख्याती होती. मोजपट्टी आत्ताही गळ्यात होती. ती काढली की सर्दी होते, असं ते सांगत.

मग त्यांनी सांगितलं की नर्सने बाळाला काट्यावर ठेवलं तर काटा जागचा हललाच नाही, आणि ती उलट यांच्यावरच खेकसली की बाळ घरी विसरलात का. पहिले दोन महिने पोरगी शिलाई मशीनच्या खणात झोपली, रिळांच्या शेजारी. एकदा तर चुकून हिलाच रीळ समजून मशीनवर चढवून दोरा ओवायला घेतला होता. तेव्हापासून हिचं नाव पावशेर.

नऊ वर्षांची पावशेर शेजारी बसून पाय हलवत होती. ही गोष्ट तिला तोंडपाठ होती. तरी रीळ आलं की ती अजून हसायची.

"आणि आता बघा," आजोबांनी मिशीवरून हात फिरवला. "वयाला शोभेल असं वजन. रोज दुपारी वाटीभर साय, वर साखर. वाटी संपेपर्यंत गोष्ट, असा आमचा नियम. पोरगी स्वतःहून दुसऱ्यांदा मागते."

पावशेरच्या आईने कपाळाला हात लावला. अर्धा दिवस रजा काढून ती आली होती, ती काही आपल्या बापाची फुशारकी ऐकायला नव्हे. खेळाच्या तासाला पोरगी सगळ्यांच्या आधी धापा टाकते, असं शिक्षिकेने सांगितलं होतं. सायीवरून घरात दोघांचं आधीच वाजलं होतं. कपडे कमरेला घट्ट झाले की त्या दिवसापासून साय बंद, असं तिने बापाला बजावून ठेवलं होतं. बापाने मान डोलावली होती.

आत डॉक्टरीणबाईंनी पावशेरला तपासलं. काडीसारखे हातपाय, आणि पुढे पोट मात्र गोल. त्यांनी जन्माच्या वेळचं वजन विचारलं.

"पावशेर," आजोबा म्हणाले.

आईने खरं वजन सांगितलं. दीड किलोच्या जरा वर.

डॉक्टरीणबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि सोप्या शब्दांत सांगू लागल्या. पोटात असताना ज्या बाळाला बेताचंच मिळतं, त्याचं शरीर काटकसर शिकतं. पुढे त्याला घाईघाईने भरवलं, तरी ती सवय सुटत नाही. जास्तीचं मिळेल ते कमरेशी गाठोडं बांधून ठेवतं. वजन ठीक दिसतं, घरचे खूश असतात, आणि आत साखरेचा हिशोब बिघडायला लागतो. सगळ्यांचंच असं होत नाही. काहींची ठेवणच अशी असते. म्हणून त्यांना एकच गोष्ट हवी होती. कंबर आधीपासून एवढीच आहे, की अलीकडे भराभर वाढली? तेवढीच असेल तर वर्षाने भेटू. वाढली असेल तर थांबून चालणार नाही, रक्त आजच तपासायचं आणि घरातलं खाणंही आजपासून बदलायचं.

आईचा जीव भांड्यात पडला. हाच शाळेचा स्कर्ट पोरगी दुसरीपासून घालते आहे, ती म्हणाली. उंची वाढली तशी खालची दुमड सोडली, तिची खूण दिसतेच आहे. कंबर तीच.

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. लिहिता लिहिता त्यांनी सहज आजोबांकडे पाहिलं. "शिवलाय तुम्हीच ना? कमरेला कधी हात लावलात?"

आजोबांचा हात मोजपट्टीवर गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या जिभेचा दोरा तुटला. त्यांनी नातीकडे पाहिलं. त्यांना अजूनही ती हातरुमालातच दिसत होती. हिला खाऊ घालायचं नाही? त्यांनी खाकरून दोरा पुन्हा ओवला.

"तुम्हाला पटणार नाही, डॉक्टरीणबाई, पण या स्कर्टच्या लोकरीची मेंढीच तशी होती. मेंढी मेली, तिची लोकर मात्र अजून वाढते आहे. पोर जेवढी वाढेल तेवढा स्कर्ट वाढतो. मी कशाला हात लावतोय?"

डॉक्टरीणबाई हसल्या. आईसुद्धा हसली.

पावशेर हसली नाही. ती आजोबांना चिकटून उभी राहिली आणि तिने त्यांचा हात धरला.

"मेंढी खोटी आहे, आजोबा," ती म्हणाली. "दुपारी गोष्ट सांगताना तुम्ही माझा स्कर्ट मांडीवर घेता, मागची शिवण उसवता आणि सैल करून परत घालता. मी दर वेळी बघते ना."

आजोबांना आईकडे बघवेना. "तुझं लक्ष तर सायीत असतं, बाळा," ते पुटपुटले. "अजून दे, अजून दे, करतेस."

"साय मला आवडतच नाही. वाटी संपली की गोष्ट संपते, म्हणून मी अजून मागते."