हौसाबाईंचा हेडफोन

मुरबाडच्या जुन्या नाट्यगृहाची माहिती पाहुण्यांना सांगायचं काम मेघाला मिळालं, तेव्हापासून आवाजाची यंत्रणा सांभाळणारा नरेंद्र तिच्याशी धड बोलत नव्हता. ते काम त्याला स्वतःला हवं होतं.

त्या सकाळी म्हसा गावाहून हौसाबाई एकट्याच नाट्यगृह बघायला आल्या. त्यांना कमी ऐकू यायचं. मेघाने त्यांना नव्या उतारावरून हळूहळू आत नेलं, पहिल्या रांगेत बसवलं आणि अशा पाहुण्यांसाठी ठेवलेला हेडफोन लावून दिला. मग माइक घेऊन ती रंगमंचावर चढली.

"पूर्वी या जागेवर..."

"भाताची गिरणी होती," हौसाबाई म्हणाल्या.

"तुम्हाला कसं माहीत?"

"ह्यातला माणूस सांगतो ना, तू बोलायच्या आधी."

ही नरेंद्रचीच करामत, मेघाला वाटलं. माहितीचा कागद त्याच्याकडेही होता. म्हणून कागदावर नसलेलं, आजवर कुणालाच न सांगितलेलं काहीतरी बोलायचं तिने ठरवलं. तिने तोंड उघडलं, तोच हौसाबाई कौतुकाने म्हणाल्या, "अगो, तुझा आजा बुधाजी हितं पडदा वढायचा?"

मेघाने गर्रकन वळून पाहिलं. नरेंद्र दारात उभा होता.

"मेघा, त्या हेडफोनची बॅटरी माझ्याकडं हाय," तो म्हणाला. "तू रिकामाच दिलास काय त्यांना?"

मेघाने माइक खाली ठेवला. आता एक शब्दही बोलायचा नाही, असं ठरवून तिने ओठ घट्ट मिटले.

हौसाबाईंनी हेडफोन कानावर दाबून धरला.

"आता म्हणतो," त्या म्हणाल्या, "हितं मेघा गप ऱ्हाते."