कव्हर, रॅप, कोट

प्रियांकाने फळ्यावर तीन इंग्रजी क्रियापदं लिहिली, कव्हर, रॅप, कोट, आणि वळून पाहिलं. विठ्ठलवाडी स्टेशनसमोरच्या क्लासमधली दहावीची बॅच तिच्याकडे टक लावून बसली होती. शेवटच्या बाकावर क्लासचे मालक मुकुल सर. डेमो लेक्चर त्यांना आवडलं तर नोकरी. याआधी दोन क्लासवाल्यांनी "कळवतो" म्हटलं होतं; कळवलं कोणीच नव्हतं.

"मॅडम, तिन्हींचा अर्थ झाकणंच ना?" पुढच्या बाकावरची समीक्षा म्हणाली. "मग तीन शब्द कशाला?"

पाठ करून आणलेलं सगळं प्रियांकाच्या डोक्यातून उडून गेलं. तेवढ्यात कुठूनतरी गरम वड्याचा वास आला.

"वडापाव कसा करतात रे?" तिने एकदम विचारलं.

मागे रेललेली पोरंसुद्धा सरळ बसली.

"बटाट्याचा गोळा बेसनात बुडवला, त्याला पातळ थर चिकटला, ते कोट. पावात घालून कागदात चहूबाजूंनी गुंडाळला, ते रॅप. आणि कढईवर नुसतं झाकण ठेवलं, तर?"

"कव्हर!" वर्ग ओरडला.

"शाब्बास! आता, आपण केलेलं कोणाला कळू नये म्हणून लपवलं, तर?"

"कव्हर अप," समीक्षा म्हणाली आणि तोंडावर हात दाबून फिसकन हसली. सगळ्या माना मागे वळल्या.

मुकुल सरांनी घाईघाईने फाइल बाकावर आडवी टाकली होती. तिच्याखालून तेलकट कागद डोकावत होता. सरांच्या डोक्यावरच पाटी होती : 'वर्गात खाण्यास सक्त मनाई'.

प्रियांकाचे कान तापले. गेली ही पण नोकरी, तिला वाटलं.

सर उठले. पुडी घेऊन सावकाश पुढे आले आणि सगळ्यांसमोर टेबलावर ती उघडली.

"अनकव्हर राहिलं की, मॅडम," मिशीवरची चटणी पुसत ते म्हणाले.

पोरांनी बाकं बडवून वर्ग डोक्यावर घेतला. प्रियांकाला हसू आवरेना. खडू हातातून निसटला.

सरांनी उरलेला अर्धा वडापाव तिच्यापुढे सरकवला.

"खाऊन घ्या. आठवीची बॅच खाली उभी आहे, तीही तुम्हालाच घ्यायचीय."