कपातला घोट

कोल्टनच्या संघानं बर्फावरच्या हॉकीचा स्टॅन्ली कप जिंकला आणि रिवाजाप्रमाणे तो कप एक दिवस त्याच्या गावी, कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, मुक्कामाला आला. सारं गाव कपाला मिठ्या मारत होतं. म्हातारा ओरेस्ट तेवढा खिशात हात घालून उभा होता. उभी हयात तो व्यावसायिक हॉकी खेळला, पुढचे सगळे दात बर्फावर सांडून आला, पण कप काही मिळाला नाही. आणि न जिंकलेल्या खेळाडूनं कपाला हात लावायचा नसतो.

जन्मात पायात स्केट न चढवलेल्या, ट्रॅक्टर विकणाऱ्या ड्वाइटनं कपात बिअर ओतली.

"बास्केटबॉल, बेसबॉल सगळा पोरखेळ! जिंकायला सगळ्यात कठीण हाच कप. काय ओरेस्टकाका, इतकी वर्षं घासलीत, एक घोट तरी नशिबी आला का? आता मी कसा पितो बघा!"

ओरेस्टनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पी बाबा. तुझीच लायकी आहे त्याची."

ड्वाइटनं थेंबही शिल्लक ठेवला नाही.



मघाशी कोल्टननं फोटोसाठी आपलं उघडं तान्हं बाळ त्या कपात बसवलं होतं, आणि ते आत मुतलेलं एकट्या ओरेस्टनं पाहिलं होतं.