जागेअभावी

मंत्र्यांना स्वतःचा मृत्युलेख वाचायचा होता.

पुढच्या आठवड्यात त्यांची बायपास होती. मोठ्या माणसांचे मृत्युलेख वर्तमानपत्रात आधीच लिहून ठेवतात, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. या कचेरीत ती पद्धत त्यांनीच सुरू केली होती, अकरा वर्षं इथे संपादक असताना. तेव्हा ते सायकलवरून यायचे. आज दोन गाड्या, चार अंगरक्षक आणि पुढेपुढे करणारे मालक बरोबर होते.

उपसंपादक बाई जागच्या उठल्या नाहीत.

"काय गं, अजून त्याच खुर्चीत?" मंत्र्यांनी विचारलं.

"खुर्ची बदलली की माणूस बदलतो म्हणतात, साहेब. म्हणून राहू दिली."

पूर्वी बाई त्यांना सर म्हणायच्या. फरक मंत्र्यांच्या लक्षात आला, आणि साहेबच त्यांना जास्त आवडलेलं दिसलं.

मग बराच वेळ ते ताकाला जाऊन भांडं लपवत बसले. कागद किती महागला, नवी मुलं कशी लिहितात, जिन्याचा कठडा अजून हलतो का. शेवटी मालकांनाच राहवलं नाही.

"अहो बाई, साहेबांची ती फाइल दाखवा ना. उगाच काही चुकीचं राहायला नको."

"ज्याचा मृत्युलेख, त्याला तो दाखवायचा नाही. नियम आहे."

"कुणी केला हा नियम?" मालक तापले.

बाईंनी भिंतीकडे बोट केलं. पिवळ्या पडलेल्या कागदावर नऊ नियम होते, मंत्र्यांच्याच अक्षरात. मंत्री हसले. हे हसू त्यांनी निवडणुकांमध्ये कमावलं होतं आणि ते कशालाही चालायचं.

"ज्यानं केला त्याला मोडता येतो," ते म्हणाले.

मालकांनी डोळे वटारले. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांनी खण उघडून दोन पानं काढली आणि टेबलावर ठेवली.

मंत्र्यांनी न विचारता बाईंचं लाल पेन उचललं आणि चवीनं वाचायला सुरुवात केली. 'पत्रकार' या शब्दाआधी त्यांनी 'निर्भीड' घातलं. थोडं खाली 'लोकप्रिय' घातलं, मग त्याचं 'अत्यंत लोकप्रिय' केलं. याच माणसानं एके काळी नव्या मुलांच्या बातम्यांतली विशेषणं उवा काढाव्यात तशी वेचून काढली होती. बाईंना किळस आली. शेवटच्या वाक्यापाशी पेन थांबलं.

'कारखान्यातील स्फोटात गेलेल्या एकेचाळीस कामगारांचे प्रकरण लावून धरून त्यांनी सरकारला चौकशी आयोग नेमायला लावला, पण आयोगाचा अहवाल आला तेव्हा ते स्वतः कामगारमंत्री होते, आणि त्यांनी तो दडपला.'

"हे काढ."

"चुकीचं आहे?"

"चूक-बरोबरचा प्रश्न नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये."

"तुम्ही अजून गेला नाहीत, साहेब."

मालकांना खोकला आला.

त्या एकेचाळीस घरांत बाई त्यांच्याबरोबर गेल्या होत्या. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. एका आईचा हात हातात घेऊन, आमचे सर हे प्रकरण सोडणार नाहीत, असा शब्द बाईंनीच दिला होता. ती म्हातारी अजून बाजारात भेटायची. तब्येतीची चौकशी करायची, बाकी काही विचारायची नाही. बाईंना तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटायची. दिलेल्या शब्दातलं एवढं एक वाक्य त्यांच्या हातात उरलं होतं.

"मी नाही काढणार," बाई म्हणाल्या.

"नको काढूस. मी काढतो."

मंत्र्यांनी वाक्यावर रेघ मारली. अगदी सरळ, पट्टीनं मारावी तशी. इथवर तो मंत्र्याचा हात होता. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. भिंतीवरचा आठवा नियम असा होता की, जो वाक्य काढेल त्यानं मजकूर बरोबर की चूक ते समासात लिहायचं, काढण्याचं कारण लिहायचं आणि खाली सही करायची. अकरा वर्षं रोज वीस-वीस वेळा केलेलं काम. मालकांशी विमानतळाच्या जागेबद्दल बोलता बोलता मंत्र्यांचा हात आपणहून समासाकडे गेला. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली आणि पानं बाईंकडे सरकवली.

"नीट टाइप करून ठेव."

"ठेवते. लवकर बरे व्हा, साहेब. आम्हाला काही घाई नाही."

गाड्या गेल्याचा आवाज आल्यावर बाईंनी चष्मा पुसला आणि समास वाचला.

'मजकूर बरोबर. जागेअभावी वगळला.'

खाली तीच जुनी, तिरकी सही.

बाईंनी ते पान आधी झेरॉक्स करून आणलं आणि मूळ पान आपल्या पिशवीत ठेवलं. मग टाइप करायला बसल्या. 'निर्भीड' घेतलं. 'अत्यंत लोकप्रिय'ही घेतलं. शेवटी नवा परिच्छेद सुरू केला: 'या लेखातील एक वाक्य त्यांनी हयातीत स्वतः वाचले, ते बरोबर असल्याचे आपल्या सहीनिशी नोंदवले आणि जागेअभावी वगळले. ते वाक्य असे.'

पुढे त्यांनी ते वाक्य लिहिलं. त्याखाली एकेचाळीस नावं लिहिली, कुठलीही यादी न पाहता.

जागा भरपूर होती.