कॅप्टनचे पाचशे तास

"ह्याला हात लावू नकोस. हे काही तुझं वॉशिंग मशीन नाही," कॅप्टनची टोपी सारखी करत हे म्हणाले.

विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर यांनी पाहुण्यांच्या खोलीतला पलंग काढला आणि तिथे विमानाचं कॉकपिट मांडलं. खेळ कॉम्प्युटरवरचा, पण थाट असा, की मागे दीडशे प्रवासी पट्टे बांधून बसलेत. सोमवारी त्या खेळाचं अपडेट आलं. तेव्हापासून थ्रॉटलचा दांडा पुढे ढकलला, की इंजिन क्षणभर गुरगुरायचं आणि गप्प व्हायचं. तीन दिवस यांनी वायरी उपसल्या, कंपनीला अकरा मेल लिहून शिव्या घातल्या. विमान धावपट्टीवरून वीतभरही वर उठलं नाही.

शेवटी मला ते बघवेना. यांना बाजूला सारून मी सेटिंग उघडलं. अपडेटनं थ्रॉटलचं काम विमान वळवायच्या जॉयस्टिकलाही वाटून दिलं होतं आणि दोघांची जुंपली होती. मी जॉयस्टिकचं नाव तिथून काढलं. विमान सुटलं.

"नशिबानं जमलं तुला," हे खेकसले. "माझ्या लॉगबुकात उड्डाणाचे पाचशे तास आहेत. पाचशे!"

"नीट वाचा. त्यातले साडेचारशे दुपारी दोन ते चारचे आहेत."

"मग?"

"दुपारी दोन ते चार तुम्ही घोरत असता. उठा आता, आणि ती टोपी इकडे द्या."